चौघांचे एक गाणे: ठाणे–नवी मुंबईतील एका ऑनलाइन सहनिर्मितीचे प्रकरण

हे प्रकरण एका गाण्याचे आहे. गाणे मराठी, रूपक तालातले, पाच मिनिटांच्या आत संपणारे. ते करणारे चौघे ठाणे आणि नवी मुंबईत, एकाच ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्गाच्या आसपास राहतात, आणि तरीही गाणे प्रसिद्ध होईपर्यंत ते चौघे एका खोलीत कधी बसले नव्हते. ज्या ऑनलाइन संगीत समूहात ते एकमेकांना सापडले त्याच्या व्यवस्थापनात मीही आहे आणि पुढे बिनसले तेव्हा मध्यस्थीचे काम माझ्याकडेच आले. त्यामुळे ही मांडणी अगदी तटस्थ असल्याचा दावा मी करणार नाही. चौघांनी लिहिण्यास संमती दिली, नावे मात्र नकोत असे सांगितले, म्हणून त्यांचा उल्लेख त्यांच्या कामाने केला आहे.

गीतकार नौपाड्यात राहणारे निवृत्त मराठी शिक्षक आहेत आणि समूहात सगळे त्यांना 'सर' म्हणतात. गडकरी रंगायतन १९७८ मध्ये उभे राहिल्यापासूनचे ते श्रोते. त्यांच्या पिढीला चाल लावणारा माणूस बैठकीत, गणेशोत्सवाच्या मंडपात किंवा एखाद्या संस्थेच्या कार्यक्रमात भेटत असे, आणि न भेटल्यास कविता वहीतच राहत असे. गायिका ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीत पाळीची नोकरी करते आणि चालीही स्वतः बांधते. तबलावादक घणसोलीत तबल्याचे वर्ग घेतात. ते सर्वांचे 'दादा'. चौथा सीवूड्सचा, सर्वांत तरुण; तो गिटार वाजवतो आणि घरच्या संगणकावर ध्वनिमिश्रण करतो.

इतक्या जवळ राहणाऱ्यांना ऑनलाइन समूहाची गरज का पडावी, हा प्रश्न मलाही अनेकांनी विचारला आहे. ठाणे–वाशी लोकल २००४ मध्ये सुरू झाली आणि खाडीच्या दोन्ही काठांवरची उपनगरे रुळांनी जोडली गेली. पण वेळापत्रके जोडली गेली नाहीत. गायिकेची पाळी संपते तेव्हा दादांचे वर्ग सुरू होतात, आणि वर्ग संपतात तेव्हा सरांची झोपेची वेळ झालेली असते. शिवाय चौघांना वाद्यांसह बसता येईल अशी खोली कोणाच्याच सदनिकेत नाही. गायिका कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर, खिडकीवर गोधडी टांगून, शेजारचे कुकर थांबल्यानंतर गाते. हे सगळे ध्यानात घेतल्यावर असे म्हणावे लागते की ऑनलाइन काम या चौघांना अंतरामुळे नव्हे, तर वेळेमुळे आणि जागेमुळे करावे लागले.

मुखडा

समूहात एक जुना पायंडा आहे. महिन्यातून एकदा कोणीतरी दोन ओळींचा मुखडा टाकतो आणि पुढच्या दहा दिवसांत ज्यांना सुचेल ते त्याला चाल लावून आपल्या आवाजातले ध्वनिमुद्रण परत टाकतात. सरांनी एकदा मुखडा दिला. त्यात 'उंबरठा' हा शब्द होता. आलेल्या चालींपैकी ऐरोलीच्या गायिकेची चाल सर्वांना आवडली, आणि खाली नेहमीप्रमाणे 'छान', 'अप्रतिम', 'क्या बात है' अशी रांग लागली. सरांनी मात्र लिहिले, "बाई, चाल सुरेख आहे, पण 'उंबरठा' हा शब्द 'उंबर' आणि 'ठा' असा तुटतो आहे. ऐकणाऱ्याला आधी झाड दिसते, मग दार."

माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मोलाचा क्षण हाच होता. समूहात कौतुकाला तोटा नसतो, पण ज्याने गाणे पुढे सरकते असा अभिप्राय क्वचितच येतो. तो नेमक्या जागेवर बोट ठेवतो आणि तिथे काय खटकते ते सांगतो. गायिकेला ते पटले, परंतु चाल न मोडता शब्द कसा सांधावा हे तिला सुचेना. तेव्हा तोपर्यंत संभाषणात नसलेल्या दादांनी मध्ये येऊन सुचवले की चाल केहरव्यातून रूपकात आणावी, म्हणजे पहिल्या तीन मात्रांच्या विभागात 'उं-बर-ठा' अखंड बसेल. रूपकाची गंमत अशी की सात मात्रांच्या या तालात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली (टाळी न देता मोकळी सोडायची जागा) येते, त्यामुळे आवर्तनाची सुरुवात आघाताने न होता हलकेच होते. उंबरठ्यावर पाऊल ठेवणाऱ्या माणसाच्या गाण्याला तो हलकेपणा फार शोभला. गायिकेने दुसऱ्या दिवशी नवी चाल टाकली आणि सरांनी त्याच आठवड्यात दोन अंतरे लिहून दिले.

ताल बदलण्याची ही सूचना पुढे वादात परत येते, म्हणून ती वाचकाने लक्षात ठेवावी.

तबला चढला

समोरासमोर न बसता एकत्र वाजवणे का जमत नाही, हे आधी सांगायला हवे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. रंगमंचावर दहा मीटर अंतरावर बसलेल्या साथीदाराचा आवाज तीस मिलिसेकंद उशिरा येतो आणि तिथेच लय ओढल्यासारखी वाटू लागते. व्हिडिओ कॉलवर हा विलंब शंभर मिलिसेकंदांच्या पुढे सहज जातो. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची असते. दीडशे मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे मात्रेचा पाचवा हिस्सा, आणि तेवढ्या फरकाने ठेका लागणे अशक्य आहे. म्हणून अशा समूहांत प्रत्येकजण आपापले स्वतंत्र मुद्रण करून पाठवतो आणि ती एकावर एक रचली जातात.

पहिला घोटाळा त्यातच झाला. गायिकेने मोबाइलवरच्या तानपुऱ्यासोबत काळी चार स्वरात, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' धरून, मोकळेपणाने गाऊन पाठवले. तिची लय अंतऱ्यात वाढत होती, आणि गाणाऱ्याच्या दृष्टीने ते स्वाभाविकही होते. तरुणाने तिला क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या यंत्राच्या एकसारख्या टिकटिकीवर, गायला सांगितले. क्लिकवर गाणे निर्जीव झाले. दादांचे म्हणणे असे पडले की घड्याळ आणि ठेका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; घड्याळाला समेची ओढ नसते. शेवटी दादांनीच क्लिक कानात ठेवून साधा रूपक पाच मिनिटे वाजवून पाठवला आणि गायिका क्लिकऐवजी त्या ठेक्यावर गायली. लय स्थिर राहिली आणि गाण्यात जीवही राहिला. माझ्या माहितीत हा उपाय आता समूहातील बरेच जण वापरतात.

त्यानंतर संगणकावर सगळे एकत्र केले तर तबला गाण्यापेक्षा वरच्या स्वरात आणि पुढे पळणारा. तरुणाने निरोप टाकला, "दादा, तबला चढलाय." उत्तर आले, "माझा तबला काळी चारलाच आहे. तुझा संगणक चढला असेल."

दादांचे खरे होते. संगणक ध्वनी अगदी छोट्या नमुन्यांत साठवतो. दादांचे मुद्रण सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचे होते आणि तरुणाचा संगणकावरचा प्रकल्प ४८,००० नमुन्यांचा. बहुतेक सॉफ्टवेअर फाईल आत घेताना हे रूपांतर स्वतः करते. इथे तो पर्याय बंद होता. परिणामी फाईल जवळपास नऊ टक्के जास्त वेगाने वाजली आणि स्वर सुमारे दीड अर्धस्वराने वर गेला, म्हणजे काळी चारचा तबला पांढरी सहा आणि काळी पाच यांच्यामध्ये कुठेतरी लटकला. भरीस भर म्हणून प्रकल्पात संगणकाने आखलेल्या रेघा दर चार मात्रांवर होत्या. सात आणि चारचा मेळ अठ्ठावीस मात्रांनी बसतो, त्यामुळे चार आवर्तनांतून एकदाच सम रेघेवर येई आणि तरुणाला दादांची प्रत्येक सम 'चुकलेली' दिसे. तिसरी अडचण एमपीथ्रीची होती. हे स्वरूप फाईलच्या सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता घालते, त्यामुळे दुसऱ्या ध्वनिपट्टीशी जुळवताना ती सरकलेली भासते.

यातून जे नियम ठरले ते साधे होते. सर्वांनी २४ बिट, ४८,००० नमुन्यांच्या वेव्ह फाईलच पाठवायच्या. एका ध्वनिपट्टीच्या (मोनो) अशा फाईलला मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी लागतात, ते परवडते. व्हॉट्सॲपवर पाठवायची झाल्यास ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, ऑडिओ म्हणून नाही. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी, जुळवणीची खूण म्हणून, एक टाळी वाजवायची. फाईलच्या नावात गाणे, स्वर, लय, वाजवणाऱ्याचे नाव आणि तारीख घालायची. शेवटचा नियम तेव्हा कोणालाच महत्त्वाचा वाटला नव्हता. तरुण तर फाईल मिळताच तिचे नाव 'तबला फायनल २' असे बदलून टाकी.

'प्रोड्यूसर' कोण?

गाणे तयार झाले. दोन अंतऱ्यांमधल्या संगीतखंडात तरुणाने बासरीची एक सुरावट घातली होती. ती समूहाच्या सामायिक संग्रहात कोल्हापूरच्या एका सदस्याने ठेवलेली होती. वितरण सेवेचे वार्षिक शुल्क तरुणाने स्वतः भरले, अर्ज भरला आणि गाणे सर्व स्ट्रीमिंग मंचांवर गेले. मुख्य कलाकार म्हणून त्याने स्वतःचे नाव लिहिले, गायिकेला पाहुण्या कलाकाराचे स्थान दिले, संगीतकार म्हणून पुन्हा स्वतःला, आणि सरांचे नाव गीतकाराच्या रकान्यात असले तरी अनेक मंचांवर ते ऐकणाऱ्याला सहज दिसत नव्हते. दादांचे नाव कुठेच नव्हते.

गायिकेला हे कळले ते तिच्याच यूट्यूब वाहिनीवर. तिने गाण्याचा घरगुती व्हिडिओ टाकला आणि लगेच हक्काचा दावा आला. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा नोंदवलेल्या ध्वनीशी जुळणारा आवाज शोधते आणि नोंदवणाऱ्याच्या वतीने दावा लावते. तरुणाने वितरणाच्या अर्जात त्या सेवेवर खूण केली होती. आपल्या आवाजावर आपलाच दावा नाही, हे तिला फार लागले. समूहात जे लिहिले गेले ते इथे देण्याचे कारण नाही.

मी सर्वांशी वेगवेगळे बोललो. तरुण लबाडी करत होता असे मला वाटले नाही आणि आजही वाटत नाही. त्याच्या दृष्टीने त्याने 'म्युझिक' केले होते: स्वरसंगती बसवली, वाद्ये रचली, मिश्रण केले. आपल्याकडे आकाशवाणीवर 'गीत, संगीत, स्वर' असे सांगितले जाते. त्यातले 'संगीत' म्हणजे चाल, आणि वाद्यमेळ हे 'संगीत संयोजन'. घरी संगणकावर गाणे बांधणाऱ्या आजच्या मुलांच्या बोलण्यात ही दोन्ही कामे 'म्युझिक' या एका शब्दात मिसळली आहेत, आणि संयोजन करणारा स्वतःला 'प्रोड्यूसर' म्हणवतो. आकाशवाणीची आठवण दादांपाशी काढली, तर ते हसून म्हणाले, "तिथे तरी तबला कोणाचा, हे कधी सांगतात?"

कॉपीराइट कायदा, १९५७ या सगळ्याकडे निराळ्या नजरेने पाहतो. त्याच्या दृष्टीने एका गाण्यात अनेक वस्तू आहेत. शब्द ही साहित्यकृती, तिचा कर्ता गीतकार. चाल ही संगीतकृती, तिचा कर्ता संगीतकार; शब्द तिच्यात मोडत नाहीत. या दोन्हींवरचा हक्क कर्त्याच्या हयातीनंतर साठ वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रण ही आणखी वेगळी कृती आहे, प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकणारी, आणि तिचा कर्ता तिचा निर्माता मानला जातो. गायक आणि वादकांना त्यांच्या सादरीकरणावर पन्नास वर्षांचा हक्क आहे आणि सादरकर्ता म्हणून नाव लागण्याचा अधिकारही आहे. दादांचे नाव गाळणे त्यामुळे केवळ असभ्य नव्हते.

खरी अडचण 'निर्माता' या शब्दाची होती. कायद्याच्या व्याख्येत निर्माता म्हणजे ते मुद्रण घडवण्यात पुढाकार घेणारा आणि त्याची जबाबदारी पत्करणारा. संयोजन कोणी केले याचा त्याच्याशी थेट संबंध नाही. पुढाकार गायिकेचा होता, कारण तिनेच तिघांना एकत्र ओढले होते. शुल्क आणि मिश्रणाची जबाबदारी तरुणाने उचलली होती. दोघांच्याही बाजूने बोलता येत होते आणि कागदावर एक ओळ नव्हती. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर तो लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. इथे कोणी कोणाला काहीच लिहून दिलेले नव्हते, त्यामुळे निदान शब्द आणि चाल यांचे हक्क जिथल्या तिथे होते, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

चालीवरही प्रश्न उठलाच. दादांच्या एका विद्यार्थ्याने लिहिले की रूपक सुचवला दादांनी, तर चालीत त्यांचा वाटा का नाही? इथे समूहातल्या जुन्या नोंदी कामी आल्या. केहरव्यातली पहिली चाल, सरांचा आक्षेप, दादांची सूचना, दुसऱ्या दिवशीची नवी चाल, हे सारे तारखांसह होते. स्वरावली मूळचीच राहिली होती. तालाची चौकट बदलली होती. दादांनी स्वतःच सांगितले की सूचना करणे म्हणजे चाल बांधणे नव्हे. माझे मत त्यांच्याइतके ठाम नाही. ज्या सूचनेने गाण्याचा चेहरा बदलतो तिला कुठेतरी नाव हवे. अखेरीस 'ताल संयोजन' असा स्वतंत्र उल्लेख करण्याचे ठरले आणि त्याला सर्वांनी मान्यता दिली.

बासरी

हे मिटत आले तोच माझ्या लक्षात आले की बासरीच्या सुरावटीवर 'श्रेय द्या, व्यावसायिक वापर नको' या प्रकारचा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (आपली निर्मिती इतरांना ठरावीक अटींवर वापरू देणारा) होता. श्रेय दिलेले नव्हते आणि गाणे कमाईसाठी लावलेले होते. त्याहून वाईट म्हणजे सामायिक संग्रहातली सुरावट असलेले मुद्रण कंटेंट आयडीत नोंदवलेले होते, आणि ती नोंद ज्यावर आपला अनन्य हक्क आहे अशाच ध्वनीसाठी करायची असते. कोल्हापूरच्या सदस्याला निरोप पाठवला; तीन आठवडे उत्तर नाही.

गाणे काढून घ्यावे लागले. बासरीच्या जागी गायिकेनेच पेटी वाजवली. मुद्रण बदलले की त्याला नवा आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) घ्यावा लागतो, आणि नवा क्रमांक म्हणजे जुनी ऐकणी गेली. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखाद्या गाण्याची गेल्या बारा महिन्यांत किमान एक हजार ऐकणी झाल्याशिवाय त्याच्या मुद्रणाचे मानधन सुरू होत नाही. जुन्या आवृत्तीने तो टप्पा नुकताच गाठला होता. पैसे किरकोळच होते, पण तरुणाने त्या हजारांसाठी ज्या रात्री जागवल्या होत्या त्या मी पाहिल्या होत्या, आणि पुन्हा शून्यावर यायला तो एका शब्दानेही कुरकुरला नाही. या प्रकरणात त्याच्याबद्दल माझे मत बदलले ते तिथे.

नव्या आवृत्तीपूर्वी एक पानी करार झाला, मराठीत. शब्द सरांचे, चाल गायिकेची, त्यांचे उत्पन्न त्या दोघांत निम्मे-निम्मे. मुद्रणाचे निर्माते गायिका आणि तरुण संयुक्तपणे. वितरणाचे खाते तरुणाचे, पण वाटणी सेवेमार्फतच परस्पर होईल अशी सोय लावलेली. मुख्य कलाकार गायिका. कंटेंट आयडी बंद. इतरांना वापराची परवानगी देताना चौघांचा होकार लागेल. दादांना टक्का देऊ केला होता, ते म्हणाले, "टक्का मोजत बसायला मला वेळ नाही, एकदाच बिदागी द्या आणि नाव नीट लिहा." मी त्यांना समजावले की गाणे चालले तर हे नुकसानीचे ठरेल. त्यांनी ऐकले नाही; करारात मात्र मी आग्रहाने अशी ओळ घातली की गाणे जाहिरात, मालिका किंवा चित्रपटात गेल्यास बिदागीवर फेरविचार होईल. सर आणि गायिका यांनी गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएस या १९६९ पासूनच्या संस्थेच्या सदस्यत्वाची चौकशी सुरू केली आहे. गायक-वादकांसाठी इसामरा ही वेगळी संस्था आहे, तिचा अर्ज मी दादांना दोनदा पाठवला आहे.

गाण्याने कोणाचे आयुष्य बदललेले नाही. गायिकेला ठाण्यातल्या दोन घरगुती मैफलींची निमंत्रणे आली, दादांच्या वर्गात नवी मुले आली, सरांच्या वहीतल्या आणखी तीन कवितांना समूहात चाली लागल्या. तरुणाकडे मिश्रणासाठी इतर सदस्य गाणी पाठवू लागले, आणि तो आता काम घेण्याआधी एक तक्ता पाठवतो: शब्द, चाल, स्वर, वादन, संयोजन, मिश्रण, मुद्रणाचा निर्माता, बाहेरून घेतलेले ध्वनी आणि त्यांचा परवाना. तक्ता भरल्याशिवाय तो फाईल उघडत नाही, असे त्याच्यावर वैतागलेल्या एका सदस्यानेच मला सांगितले.

नवी आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावर सुमारे महिन्याभराने कोल्हापूरहून उत्तर आले. बासरीवादक घरच्या आजारपणात अडकले होते. त्यांनी लिहिले होते की विचारले ते बरे केले, परवानगी आनंदाने दिली असती, आणि पेटीचा तुकडा ऐकला, तोही वाईट नाही. चौघांचे दुसरे गाणे तेव्हा सुरू झाले होते. तरुणाने तक्ता उघडला, वादनाच्या रकान्यात दादांच्या नावाखाली या बासरीवादकांचे नाव लिहिले आणि परवान्याच्या रकान्यात 'लेखी, मिळायचा आहे' अशी नोंद करून तो त्यांना सहीसाठी पाठवला.